पीटरसनचे पाईप: जमवणं, ओढणं, सांभाळणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नोकरीसाठी चार वर्षं डब्लिनला होतो, तंबाखू ओढायच्या पाईपचा नाद तिथलाच. आता पुण्यात असतो. घरात २३ पाईप आहेत, त्यातले १९ पीटरसन या डब्लिनच्या पाईप कंपनीचे. मराठीत याबद्दल विचारायला कोणी सापडत नाही म्हणून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे असे बरेच जण मला मेसेज करतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

सिगरेट सोडून पाईप घेतो, तब्येतीला बरा ना?

नाही. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण सगळ्यात जास्त वेळा हेच विचारलं जातं. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडातच घोळवतात, पण निकोटिन तोंडातल्या त्वचेतून रक्तात जातंच आणि ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका यांच्या कॅन्सरचा धोका आहेच, फुप्फुसाचाही आहे. सिगरेटवाला पाईपवर आला की सवयीने धूर आत घेतो, मग तर आणखीनच वाईट. जो आज काहीच ओढत नाही त्याने हे वाचून सुरू करू नये, मनापासून सांगतो. पाईप ही वस्तू आवडत असेल तर नुसते जमवता येतात, माझ्या ओळखीत असे दोघं आहेत, त्यांनी आयुष्यात काडी लावलेली नाही. मी स्वतः आठवड्यातून दोनदा, रात्री जेवणानंतर गच्चीत ओढतो, घरात नाही, मुलांसमोर नाही.

एवढे ब्रँड आहेत, पीटरसनच का?

कारण या पाईपमागे एक विचार आहे आणि तो हातात घेऊन बघता येतो. बाकी बऱ्याच कंपन्या सुंदर पाईप करतात, पण आतून ते सगळे साधारण सारखेच, एक वाटी, एक भोक, एक नळी. पीटरसनने ओला धूर आणि भाजणारी जीभ या दोन रडगाण्यांवर उपाय शोधला आणि तोच उपाय सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तसाच बनवत राहिले. १९२० च्या आसपासचा सिस्टिम पाईप (त्यांचा हा खास पाईप, म्हणजे काय ते पुढे येतंच) आणि आजचा सिस्टिम पाईप शेजारी ठेवा, आतली रचना एकच. मला याचं फार अप्रूप आहे.

कंपनी आयरिश की जर्मन? दोन्ही ऐकलंय.

कंपनीच्या सांगण्याप्रमाणे जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून आलेल्या काप्प भावांनी, फ्रीडरिश आणि हाइनरिश, १८६५ मध्ये डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर दुकान टाकलं. साधारण दहा वर्षांनी चार्ल्स पीटरसन नावाचा लॅटव्हियाहून आलेला कारागीर त्यांच्याकडे आला, म्हणजे जर्मन मालक, लॅटव्हियन डोकं आणि आयर्लंडची जमीन. पुढे पीटरसन भागीदार झाला आणि नाव पडलं काप्प अँड पीटरसन, जुन्या पाईपवर 'के अँड पी' दिसतं ते हेच. पीटरसन १९१९ मध्ये वारला. कंपनी नंतर हातोहात फिरली, २०१८ पासून अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनाच्या लॉडिसी कंपनीकडे आहे, पण पाईप अजून डब्लिनजवळ सॅलीनॉगिनलाच बनतात.

सिस्टिम पाईप म्हणजे नेमकं काय?

साध्या पाईपमध्ये वाटीच्या तळातून निघालेलं भोक दांडीतून सरळ तोंडापर्यंत येतं. तंबाखू जळताना वाफ होते, ती वाफ नळीत थंड होते, पाणी साठतं आणि मग झुरका घेतला की हुक्क्यासारखं गुडगुड वाजतं आणि कधी कधी ते कडू पाणी थेट जिभेवर येतं. ज्याला एकदा आलंय त्याला ती चव सांगायची गरज नाही.

पीटरसनने काय केलं, तर दांडीत धुराच्या भोकाच्या खाली एक विहीर कोरली. धूर वाटीतून येतो, त्या मोकळ्या जागेत पसरतो, थंड होतो, पाणी खाली विहिरीत पडतं आणि कोरडा धूर वरून स्टेममध्ये, म्हणजे तोंडात धरायच्या नळीत जातो. स्टेममधलं भोकसुद्धा विहिरीकडे रुंद आणि तोंडाकडे निमुळतं होत जातं. विहिरीचं पेटंट १८९० चं, सुधारणा १८९४ मध्ये, आणि १८९८ मध्ये तोंडात धरायच्या टोकाचं, म्हणजे पी-लिपचं.

मला हे कळलं ते नासाऊ स्ट्रीटच्या त्यांच्या दुकानाबाहेर, ट्रिनिटी कॉलेजच्या समोरच्या फुटपाथवर. दुकानात काम करणारे एक वयस्कर गृहस्थ सुट्टीत बाहेर उभे राहून ओढत होते. बोलता बोलता त्यांनी पेटलेल्या पाईपचा स्टेम फिरवून काढला, दांडी खाली धरून मनगटाला एक झटका दिला, फरशीवर चहासारख्या रंगाचे चार-पाच थेंब पडले, स्टेम परत बसवला आणि ओढायला लागले. पाईप विझलासुद्धा नाही. ते थेंब बघितल्यावर मी आत जाऊन ३१४ नंबरचा पाईप घेतला.

पेटलेल्या पाईपचा स्टेम काढायचा नसतो ना?

साध्या पाईपचा अजिबात नाही. तिथे स्टेमचा बारीक खुंटा लाकडात घट्ट बसलेला असतो, गरम असताना लाकूड फुगलेलं असतं, जोर लावला की खुंटा मोडतो नाहीतर दांडीला चीर जाते. सिस्टिममध्ये आर्मी माउंट असतं, म्हणजे दांडीच्या तोंडाला धातूची टोपी आणि त्यात स्टेम नुसता दाबून बसवलेला, त्यामुळे काढता येतो. तरी ओढून नका काढू, हलकं फिरवत काढा.

एक मोठी फसगत इथे होते. आर्मी माउंट दिसलं म्हणजे सिस्टिम असं नाही! पीटरसनचेच असंख्य पाईप बाहेरून तसे दिसतात पण आत विहीर नसते. लाकडावर 'सिस्टिम' हा शब्द कोरलेला आहे का बघा, नाहीतर स्टेम काढून टॉर्च मारा, धुराच्या भोकाखाली खड्डा दिसला पाहिजे.

पी-लिप घेऊ की फिशटेल?

पी-लिपमध्ये भोक टोकाला समोर नसतं, वरच्या बाजूला असतं, म्हणून धूर टाळूकडे जातो, जिभेवर आदळत नाही, आणि जीभ टेकायला खाली उतार असतो. फिशटेल म्हणजे बाकी सगळ्या पाईपचं असतं तसं चपटं टोक. पी-लिप काहींना कधीच पटत नाही, दातात धरायला जाडसर लागतो. मला विचाराल तर पीटरसन घेताय तर पी-लिपच घ्या, आठ-दहा वेळा ओढा, मग मत बनवा. पाईप क्लीनर (नळी साफ करायची, तारेवर मऊ धागे गुंडाळलेली काडी) शेवटच्या वळणावर अडतो, तेव्हा टोकाला थोडा बाक देऊन घाला.

पहिला पाईप कोणता?

सिस्टिम स्टँडर्ड, शेप ३१४ किंवा ३०३. ३१४ म्हणजे मध्यम आकाराचा वाकडा बिलियर्ड (साध्या उभ्या वाटीचा नेहमीचा घाट), ३०३ म्हणजे सफरचंदासारख्या गोल वाटीचा, हातात मस्त बसतो. ३०२ आणि ३०७ मोठे आहेत, ३०७ तर चांगलाच जड, दातात धरून काम करता येत नाही, तो खुर्चीत बसून हातात धरायचा पाईप.

स्टँडर्ड, प्रीमियर, डीलक्समध्ये फरक काय?

स्टँडर्डला निकेलची टोपी, प्रीमियर आणि डीलक्सला चांदीची. लाकूड वरच्या श्रेणीत जास्त चांगलं निवडलेलं असतं, रेषा सुंदर, भोकं बुजवलेली नसतात. स्टँडर्डमध्ये लाकडातले बारीक खड्डे लुकणाने बुजवलेले दिसू शकतात, त्याने ओढण्यात काही फरक पडत नाही. डीलक्सचे नंबर वेगळे असतात, ११एस, २०एस असे. ओढायला म्हणाल तर तिन्हीत विहीर तीच आहे, मी सगळ्यात जास्त स्टँडर्डच ओढतो.

जुना पाईप किती जुना हे कसं ओळखायचं?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न! आयर्लंडचं राजकारण या पाईपांच्या दांडीवर कोरलेलं आहे. 'आयरिश फ्री स्टेट' असं लिहिलं असेल तर साधारण १९२२ ते १९३७, कारण त्या देशाचं नावच तेव्हा तसं होतं. १९३७ च्या शेवटी नवी घटना आली, मग थोडीच वर्षं 'मेड इन एरे' असा शिक्का, साधारण १९३८ ते १९४१. त्याच सुमाराला आणि पुढे १९४८ पर्यंत गोल आकारात लिहिलेलं 'मेड इन आयर्लंड'. १९४९ मध्ये प्रजासत्ताक झालं, तेव्हापासून 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड', तीन ओळींत. त्यांचा एक कारखाना लंडनलाही होता, म्हणून 'लंडन, इंग्लंड' लिहिलेले पीटरसनही सापडतात, ते नकली नसतात.

पण हे वेळापत्रक दगडावरची रेघ समजू नका. कारखान्यात जुने शिक्के हाताशी असले की वापरले जात, त्यामुळे चार-पाच वर्षं इकडेतिकडे होतात. कोणी 'एरे' बघून नेमकं एक साल छातीठोकपणे सांगायला लागला आणि पाईपवर चांदी नसेल तर तो अंदाज सांगतोय एवढं लक्षात ठेवा.

चांदी असेल तर नेमकं साल कळतं?

हो, आणि त्यातली मजा काही औरच. डब्लिनच्या 'असे ऑफिस'ने, म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीने, तपासलेल्या चांदीवर बारीक शिक्के असतात: बसलेली हायबर्निया देवी, मुकुट घातलेली हार्प (वीणेसारखं तंतुवाद्य), आणि एक अक्षर. ते अक्षर दरवर्षी बदलतं, अक्षराची लिपी आणि भोवतालच्या चौकटीचा आकारसुद्धा बदलतो, म्हणून अक्षर आणि चौकट दोन्ही मिळून तक्त्यात बघायचं. माझ्याकडचा एक पाईप मी रविवारच्या बाजारात काळाकुट्ट झालेला घेतला, टोपी निकेलची समजून. घरी आल्यावर ओल्या मऊ कपड्याने हळूहळू पुसत गेलो तर काळ्याखालून आधी हार्पच्या तारा दिसल्या, तांदळाच्या दाण्याएवढी ती हार्प, मग शेजारची देवी. भिंगाखाली किती वेळ बघत बसलो होतो माहीत नाही.

जपायचं काय, तर चांदी जोरात पॉलिश करू नका, शिक्के झिजले की पाईपचा जन्मदाखला गेला. आणि निकेलच्या टोपीवरही 'के अँड पी' आणि तीन छोटी चित्रं असतात, शेमरॉकचं पान, शिकारी कुत्रा आणि गोल मनोरा. ते बघून बरेच जण चांदी म्हणून विकतात, काही अजाणता, काही जाणूनबुजून. देवी आणि हार्प नसेल तर डब्लिनची चांदी नाही.

ऑनलाइन सेकंडहँड घेताना काय बघू?

वाटीच्या आतले फोटो मागा, त्यात चीर किंवा जळून खोल गेलेला डाग नको. स्टेमवर दातांचे खड्डे चालतात, आरपार भोक नको. धातूच्या टोपीच्या आत दांडीला चीर आहे का ते विचारा. मी एकदा एका विक्रेत्याकडून घाईत घेतला, फोटोत टोपी इतकी चकचकीत की पुढचं काही बघितलंच नाही, आणि आला तेव्हा टोपीखालची दांडी उभी फुटलेली होती, टोपी तिला नुसती आवळून धरून होती. पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून स्टेम काढून आतला फोटो दिल्याशिवाय मी घेत नाही. भारतात मागवताना कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा.

भरायचा आणि पेटवायचा कसा?

जुनी रीत तीन थरांची: खालचा थर लहान मुलाच्या हाताने दाबल्यासारखा, मधला बाईच्या, वरचा गड्याच्या. भरून झाल्यावर न पेटवता ओढून बघा, सरबताच्या स्ट्रॉएवढा अडथळा वाटला पाहिजे, त्याहून जड असेल तर ओता आणि परत भरा. काडेपेटीच वापरा, काडीवरचा गंधक जळून जाऊ द्या मग जवळ न्या. पहिल्यांदा पेटवलं की तंबाखू फुगून वर येतो, टँपरने (तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने) हलकं दाबा, परत पेटवा, आता खरा पेटला. जेट लायटर नको, काठ जळतो.

नवा पाईप असेल तर पहिले काही दिवस अर्धी वाटीच भरा आणि सावकाश ओढा, आत हळूहळू काजळीचा थर बसतो आणि तोच लाकडाला वाचवतो. तो थर एक-दीड मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका, गरम झाल्यावर थर फुगतो आणि वाटी तडकू शकते.

जीभ भाजते, मग सिस्टिमचा काय उपयोग?

तुम्ही जोरात ओढताय. विहीर पाणी धरते, घाई धरत नाही. तंबाखू फार ओला असेल तरी भाजतं, कारण जिभेला चटका निम्मा वाफेचा असतो. झुरका इतका हलका हवा की पाईप विझेल की काय असं वाटलं पाहिजे, आणि विझला तर परत पेटवा, त्यात काही कमीपणा नाही. वाटी गालाला टेकवून बघा, टेकवता आली नाही तर पाच मिनिटं खाली ठेवा.

तंबाखू कोणता? पीटरसनचाच हवा का?

मुळीच नाही. पीटरसन नावाचा तंबाखू त्या पाईपच्या कारखान्यात बनतच नाही. डनहिलचे प्रसिद्ध तंबाखू २०१८ मध्ये बंद झाले आणि २०१९ पासून अर्ली मॉर्निंग पाईप, नाईटकॅप वगैरे पीटरसन नावाच्या डब्यात यायला लागले, एवढाच संबंध.

व्हर्जिनिया गोडसर असतो पण जीभ भाजायला सगळ्यात पुढे, बर्ली साधा आणि सौम्य, लाटाकिया म्हणजे धुरावर वाळवलेला, वास अगदी गावच्या चुलीशेजारच्या भिंतीसारखा. व्हॅनिला-चेरीवाले सुगंधी तंबाखू ओले असतात, आणि सिस्टिम पाईपची खरी करामत त्यांच्याच वेळी दिसते. लाटाकिया आणि सुगंधी एकाच पाईपमध्ये नका ओढू, वास लाकडात राहतो. भारतात घेताना डब्यावर आपल्याकडची चित्रासहित धोक्याची सूचना आहे का बघा, नसेल तर तो माल इथे विकणं कायद्यात बसत नाही.

पावसाळ्यात पाईपला बुरशी लागते, काय करू?

हा प्रश्न आयर्लंडमध्ये मला कधी कुणी विचारला नाही, आणि इथे जूनपासून दर आठवड्याला येतो, जास्त करून मुंबई आणि कोकणातून. माझ्यावरही आलीय वेळ. डब्लिनहून परत आल्यावर पहिल्याच श्रावणात कपाट उघडलं तर ३१४ च्या वाटीत पांढरी मखमल उगवलेली, आणि विहिरीत तर कापूस भरल्यासारखं. चूक माझी होती, शेवटचा ओढल्यावर विहीर पुसली नव्हती आणि पाईप तसाच पिशवीत घालून पेटीत बंद केला होता.

सिस्टिमची विहीर हेच तिचं मर्म आणि तिथेच तिचं दुखणं. ओढून झालं की पाणी झटका, मग टिश्यू पेपरची घट्ट वळी करून विहिरीत खुपसा, पाच मिनिटं ठेवा, कोरडी निघेपर्यंत परत परत करा. स्टेम वेगळा ठेवा, पाईप उघड्यावर, वाटी खाली करून. पिशवीत, डब्यात, लाकडी पेटीत पावसाळ्यात ठेवूच नका. एका पाईपला दोन दिवस विश्रांती हवी, आषाढ-श्रावणात मी चार दिवस देतो.

बुरशी लागलीच तर आधी कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, मग कापसाचे बोळे शुद्ध इथाइल अल्कोहोल मिळालं तर त्यात, नाहीतर कडक व्होडकामध्ये भिजवून वाटीत रात्रभर ठेवा, विहिरीत तेच भिजवलेले क्लीनर. मीठ भरायचा सल्ला बरेच जण देतात, मी देत नाही, मीठ लाकडात शिरून चिरा पडलेल्या मी बघितल्यात. अल्कोहोल बाहेरच्या लाकडावर सांडू नका, रंग जातो. आणि तंबाखू पावसाळ्यात नुसता कागदावर पसरून वाळत नाही, टेबललॅम्पच्या पिवळ्या बल्बखाली वीस मिनिटं ठेवा.

स्टेम हिरवट-तपकिरी झाला.

तो व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा आहे, ऊन लागलं की असं होतं आणि चवही गंधकाची लागते. एकदम बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासा, स्टेमवरचं पीटरसनचं 'पी' अक्षर टाळा, शेवटी ऑलिव्ह ऑइलचा हात फिरवा. खिडकीत ठेवू नका. ॲक्रिलिकच्या स्टेमला हे होत नाही, पण तो दाताला कडक लागतो.

स्टेम सैल झालाय.

मधमाशीच्या मेणाचा हलका हात द्या, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

शेरलॉक होम्सवाला पाईप हाच का?

पीटरसनने १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या नावाची मालिका काढली, ओरिजिनल, बास्करव्हिल, वॉटसन अशा नावांची, चांदीच्या पट्टीची. पाईप उत्तम आहेत. मूळ कथांत होम्स मातीचा, ब्रायरचा (पाईपसाठी नेहमी वापरतात ते कठीण लाकूड) आणि चेरीच्या लाकडाचा ओढतो, कंपनीचं नाव नाही.

कुठे ओढता येतो?

भारतात २००३ चा कायदा आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनचे नियम, सार्वजनिक जागी बंदी, हॉटेल-ऑफिस-स्टेशन सगळं आलं, पाईपला वेगळी सूट नाही. १८ वर्षांखालच्याला विकणं गुन्हा. डब्लिनच्या पबमध्ये ओढायचं स्वप्न बघून जाणाऱ्यांसाठी: आयर्लंडने मार्च २००४ मध्येच कामाच्या सगळ्या जागी बंदी घातली, सबंध देशभर अशी बंदी घालणारा तो जगातला पहिला देश, त्यामुळे पबच्या बाहेर उभं राहूनच.

आजोबांचा जुना पाईप मिळालाय, ओढू का की तसाच ठेवू?

एका मुलीने हे विचारलं होतं, आजोबा मर्चंट नेव्हीत होते, पाईप ३०४, सपाट बुडाचा, टेबलावर उभा राहतो तो. ती ओढत नाही आणि सुरू करायचा विचारही नाही, तिला फक्त तो सडू द्यायचा नव्हता. तिला जे सांगितलं तेच लिहितो. स्टेम हळूच फिरवून काढा, अडकला असेल तर जोर न लावता तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग बघा. विहीर आणि नळी स्वच्छ करा, पण वाटीतली काजळी खरवडू नका, ती त्यांची आहे. स्टेमवरचे दातांचे खड्डे भरू नका. चांदी किंवा निकेल मऊ कपड्याने पुसा, स्टेम निराळा ठेवा, आणि दर पावसाळ्यात दोनदा बाहेर काढून वारा द्या.